हातांचं मौन

मी चुकत नाही.

खोटं वाटत असेल तर कुठल्याही संध्याकाळी आमच्या शाळेच्या कोर्टावर या. मला फ्री थ्रोच्या रेषेवर उभं करा, मागून शिट्ट्या मारा, समोर उभं राहून हात नाचवा, काय वाट्टेल ते ओरडा. चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली येणार. इचलकरंजीतली पोरं मला आता 'मशीन' म्हणतात, आणि लाजायचं कशाला, मला ते भयंकर आवडतं. मागच्या वर्षीपर्यंत मला कुणी काहीच म्हणत नव्हतं. वर्गात मी शेवटच्या बाकावर बसणारी केतकी हावळ होते, बस्स. आता गेटवरचे वॉचमनमामासुद्धा विचारतात, "काय मशीन, आज किती?"

मशीन मी कशी झाले ते सांगते. पण त्याआधी आईबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिच्याशिवाय सांगताच येणार नाही.

माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. बोलते मात्र भरपूर. हातांनी. पप्पा यंत्रमाग दुरुस्त करतात, आमच्याकडे त्यांना जॉबर म्हणतात, आणि आई त्याच शेडमध्ये विणून आलेलं कापड तपासते. मागांच्या खडखडाटात तिथे कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे शेडमधल्या बायकांनी आईची भाषा थोडीथोडी उचलली आहे. पप्पा म्हणतात, त्यांचं लग्नही त्या खडखडाटातच जमलं. ओरडून ओरडून घसा बसलेला हा माणूस एक दिवस हात हलवायला लागला, आणि आईने त्याचं व्याकरण सुधारता सुधारता त्याला पसंत केलं.

आई जेवताना शेजारच्या मालूकाकूंची शिंक करून दाखवायची. आधी नाक फुगायचं, मग डोळे मिटायचे, मग दोन्ही हात असे फुटायचे की पप्पा खरोखर ताट मागे ओढायचे. शेडमध्ये दिवसभर काय झालं ते ती एकटीच सगळी पात्रं करून सांगायची. आमच्या घरात टीव्ही धूळ खात पडायचा तो त्यामुळे.

ज्यांच्या घरी ही भाषा नाही त्यांना एक गोष्ट माहीत नसते. बोलतात हात, पण बघायचं हातांकडे नाही. बघायचं चेहऱ्याकडे. प्रश्न भुवयांत असतो, चेष्टा ओठांच्या कोपऱ्यात असते, आणि 'नाही' कधीकधी नुसतं मानेत असतं. हात आपले खाली, बाजूला चालू असतात आणि ते न बघताच दिसतात. मला हे कुणी शिकवलं नाही. अंगावर पीत असतानाच आलं असणार.

मला हातांतलं नावही आहे. खांद्यापासून बाजूला लांब फेकलेला हात आणि शेवटी उघडलेली बोटं. लहानपणी मी हातात येईल ते भिरकावून द्यायचे म्हणून आईने ते ठेवलं. माझं नाव घ्यायला आईला भरपूर जागा लागते. बसमध्ये एकदा एका काकांचा चष्मा उडाला होता.

तर, एवढं सगळं न बघता दिसायचं म्हणूनच खेळात माझी गंमत व्हायची. पास देण्यात माझा हात कुणी धरायचं नाही. स्नेहल ऐतवडे, आमच्या टीमची कॅप्टन आणि माझी बाकावरची मैत्रीण, कोर्टाच्या कोपऱ्यात नुसता पंजा वर करायची आणि मी तिच्याकडे न बघता चेंडू त्या पंजात ठेवायचे.

"तुला पाठीला डोळे हाईत बघ," ती म्हणायची. "मी हात उचलायच्या आधी चेंडू येतोय."

पण फ्री थ्रोला उभी राहिले की तेच उलटायचं. रिंगकडे बघत असताना मला प्रेक्षकांतला प्रत्येक हात दिसायचा. कोण डोकं खाजवतंय, कोण माझ्या आईची नक्कल करतंय (करायचे, शाळेत करायचे), सगळं. चेंडू रिंगच्या कडेवर नाचायचा आणि बाहेर पडायचा. विभागीय सामना आम्ही माझ्या हुकलेल्या फ्री थ्रोमुळे हरलो. मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले आणि कोणीही माझ्याशी बोललं नाही, हे मला अजून आठवतं.

चौगुले सर मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाले, "केतकी, तुझा हात चांगला आहे. डोळा वाह्यात आहे."

सर म्हणजे निम्मे बास्केटबॉल आणि निम्मे योगासनं. आम्हाला ते वृक्षासनात उभं करून चेंडू झेलायला लावायचे आणि शवासनात झोपवून सामना डोळ्यांसमोर आणायला सांगायचे. त्यांचं आवडतं म्हणजे त्राटक. दारं लावून, ज्योतीकडे पापणी न हलवता बघत राहायचं. डोळ्यांतून पाणी येतं, आजूबाजूचं विरघळतं आणि ज्योत तेवढी उरते. सर सांगायचे, "नेम धरणाऱ्या माणसाची नजर चेंडू सोडायच्या आधी क्षणभर एका जागी थांबते. ज्याची जास्त थांबते, तो कमी चुकतो. हे आता शास्त्रज्ञांनी मोजलंय. आपले योगी ज्योतीसमोर बसून वेगळं काय करत होते?"

पण त्राटकाने यायला वर्षं लागतात, आणि माझ्याकडे शाळेचं शेवटचं वर्ष होतं. म्हणून सर मला आणि पप्पांना कोल्हापूरला डॉक्टर मुल्लाणींकडे घेऊन गेले.

डॉक्टर मुल्लाणी म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टर, पण त्यांचं काम डोळ्यांच्या मागे चालायचं. त्यांनी मला इतकं छान समजावलं की मी तेव्हाच ठरवलं होतं, सायन्स घ्यायचं. त्या म्हणाल्या, लहान मुलाचा मेंदू ओल्या मातीसारखा असतो. जे रोज दिसतं त्याचे ठसे पक्के होतात, जे वापरात नाही ते पुसलं जातं. मग मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते आणि माती वाळते. म्हणून ज्याचा एक डोळा आळशी आहे त्याला मोठेपणी कितीही चष्मे द्या, उपयोग नाही.

"आमचे थेंब ती जाळी सैल करतात," त्या म्हणाल्या. "महिनाभर माती परत ओली. आळशी डोळ्यांच्या मुलांना आम्ही ते देतोच. खेळाडूंना द्यायला आता परवानगी आली आहे. त्या काळात जे शिकशील ते पक्कं होईल. नंतर जाळी परत विणली जाते."

थेंबांबरोबर चष्माही होता. त्यातून रिंग दिसायची, आणि रिंगच्या खाली, बाजूला हात. नुसते हात, चष्म्यानेच दाखवलेले. नाचणारे, आडवे येणारे, समोरच्या टीमच्या पोरी आणतात तसले. नजर रिंगवर स्थिर राहिली की हात फिके व्हायचे. जरा हलली की दाट.

"म्हणजे हात पुसायला शिकायचं," मी म्हटलं.

"तेवढ्यापुरते. बाकी दिवसभर नेहमीसारखं राहा. घरात, मैत्रिणींत हात हलत असतात, काही देत असतात, काही मागत असतात. तेवढ्यावरून मेंदूला कळतं की सगळेच हात टाकून द्यायचे नाहीत." मग पप्पांना विचारलं, "घरी काय बोलता? मराठीच ना?"

"मराठीच की," पप्पा म्हणाले.

त्यात खोटं काहीच नव्हतं. पप्पा आणि मी मराठीच बोलतो. आई सोबत आली असती तर डॉक्टरांना दिसलंच असतं, पण शेडमध्ये त्या दिवशी मोठी ऑर्डर निघायची होती.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि सरांनी आपल्या बाजूने एक गोष्ट वाढवली. "महिनाभर मौन. त्राटक करायचं आणि बाहेर येऊन चकाट्या पिटायच्या, असं चालत नाही. बोलण्यात नजर सांडते."

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिच्या भुवया वर गेल्या. "हातांचं पण?"

पप्पा हसले. "हाताला कसलं मौन आलंय? सरांनी तोंडाचं सांगितलंय. हात हलवायला काय हरकत हाय?"

आईने ताट बाजूला सरकवलं. तिचे हात नेहमीपेक्षा सावकाश बोलायला लागले, म्हणजे ती चिडली होती. "एवढी वर्षं माझ्याबरोबर संसार केला, आणि अजून तुम्हाला वाटतं मी हात हलवते?"

पप्पांनी कान पकडले. आई माझ्याकडे वळली. "मी बोलते. तू माझ्याशी बोलतेस. मौन म्हणजे मौन. तोंडवाल्यांचं तोंड बंद, आपले हात बंद. अर्धवट करायचं असेल तर करूच नको."

काय सांगू, मला इतका अभिमान वाटला! शाळेत ज्या हातांची नक्कल व्हायची त्या हातांचं आम्ही दोघी मौन पाळणार होतो, एखाद्या ऋषीसारखं. मी उठून तिला मिठी मारली. ती म्हणाली, "आणि मी पण पाळणार. समोरच्याने बडबड केली तर मौन कुणाला जमतं?" मग तिने माझं नाव घेतलं, हात लांब फेकून, पूर्ण, आणि दोन्ही हात ओढणीत गुंडाळून टाकले.

तिने ते खरंच पाळलं. माझ्यासमोर तिचे हात ओढणीत, नाहीतर कणकेत, नाहीतर पाठीमागे. पप्पांशी बोलायचं असेल तर त्यांना आतल्या खोलीत ओढायची. मला कधीकधी हसू फुटायचं. तिच्या पोटात गोष्टी साठलेल्या मला दिसायच्या. मालूकाकूंची सून माहेरून परत आली त्या दिवशी आईचा चेहरा असा फुगला होता की ती आता फुटते की काय असं वाटलं. पण हात बाहेर आले नाहीत.

आणि तिकडे रिंग मोठी होत चालली! खरंच सांगते, यापेक्षा सुंदर गोष्ट मी अनुभवलेली नाही. आधी ती डब्याच्या झाकणाएवढी दिसायची. मग परातीएवढी. मग अशी की चेंडू न जाण्याचा प्रश्नच नाही. चष्म्यातले हात आधी धूर झाले, मग नाहीसेच झाले. सर फक्त मान हलवायचे. मी घरी जाऊन आरशात स्वतःकडे बघायचे, आणि आरशातली मुलगी माझ्याकडे सरळ बघायची. याआधी तिने तसं कधी केलं नव्हतं.

शाळा सुरू व्हायच्या आधी मौन सुटलं. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. पप्पांनी ओढणीची गाठ सोडल्यासारखं नाटक केलं, आई माझ्यासमोर मांडी घालून बसली, हात चोळले आणि सुरुवात केली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतका स्पष्ट चेहरा मी कधी पाहिला नव्हता. एकेक पापणी, ओठावरचा तीळ. भुवया वर गेल्या, खाली आल्या, गाल फुगले, डोळे बारीक झाले. आणि हनुवटीच्या खाली काही नव्हतं. तिची ओढणी दिसत होती, मागची भिंत दिसत होती. हात नव्हते.

"कळलं?" असा तिचा चेहरा झाला.

मी खाली बघितलं. हात होते! भराभर चालले होते. 'सून', 'पिशवी', 'उलटं'... पण आता चेहरा गेला होता, त्यामुळे सुनेने पिशवी उलटी केली, की केली का असं आई विचारत होती, की केली नाही, काही कळेना. मी वर बघितलं तर हात गेले. खाली बघितलं तर आई गेली.

मी हातांनी म्हटलं, "परत सांग."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तिने माझ्या डोक्यात टपली मारली आणि परत पहिल्यापासून सांगितलं, मोठ्ठं करून. मग तिसऱ्यांदा. पप्पा तोवर हसायचे थांबले होते. चौथ्यांदा आई मधेच थांबली. तिने हात हळूच माझ्या कानाच्या बाजूला नेला, मी तिच्याकडे बघत असताना, आणि तिथे काहीतरी केलं. नंतर पप्पांनी सांगितलं की तिने माझं नाव घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. डॉक्टर मुल्लाणींनी माझी तपासणी केली, मग आईकडे बघितलं.

"रस्त्यावरची गाडी बाजूने आली तर हिला दिसेल. चेंडू दिसेल. नजर अधू नाही," त्या म्हणाल्या. "पण नजरेच्या कडेला आलेला माणसाचा हात हिचा मेंदू टाकून देतो. चष्म्याने तेच शिकवलं. मी म्हटलं होतं, एरवी घरात हात दिसतील. पण ते महिनाभर ओढणीत राहिले." त्या पप्पांकडे वळल्या. "मी विचारलं होतं तुम्हाला, घरी काय बोलता."

"मराठीच बोलतो की आम्ही," पप्पा म्हणाले.

"थेंब परत घालूया," मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं एवढंच आहे. मी तेव्हा कशालाच घाबरत नव्हते. "परत माती ओली करायची, मी दिवसभर आईचे हात बघते. रिंग गेली तर गेली."

"जाळी दुसऱ्यांदा विणली जाते ती जाड. तिच्यावर थेंब चालत नाहीत. आळशी डोळ्यांच्या मुलांत आम्ही करून पाहिलंय." त्यांनी माझा हात धरला. "हातांकडे सरळ बघून वाचायला शिकशील. मोठेपणी परकी भाषा शिकतात, तसं. हळूहळू."

आई आमच्या ओठांवरून काही समजतंय का बघत होती. ते तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझे हात ठीक होते. ते अजूनही ठीक आहेत. मी तिच्याशी हवं ते बोलू शकते. सगळं सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, आणि ते मी तिच्या हातांकडे बघून वाचलं, "रिंग पक्की झाली ना पण?"

मी हो म्हटलं.

पुढचे काही महिने आम्ही काय काय केलं! मी सहजासहजी हार मानणारी नाही. आई हनुवटीखाली, लहान लहान बोलून बघायची, म्हणजे हात आणि चेहरा माझ्या नजरेत एकत्र मावतील. पण तिची भाषा तेवढ्यात मावत नाही. मालूकाकूंची शिंक बोटांच्या टोकांवर करून बघा एकदा. माझं नाव तर गालाजवळ चिमटी उघडल्यासारखं झालं, डास हाकलावा तसं. तिने ते एकदाच केलं आणि स्वतःच मान हलवली.

मग फोन. पण मराठी ही आईची भाषा नाही, शाळेत घोकलेली आहे. घर डोक्यावर घेणारी माझी आई फोनवर लिहिते, "भाकरी झाकून. खा." नाहीतर, "मी शेड गेली. पाऊस." त्यात चेष्टा नसते, मालूकाकू नसतात. त्या फोनमध्ये कुणीतरी दुसरीच, अबोल बाई राहते, आणि मला ती ओळखू येत नाही.

चौगुले सरांनी आईसमोर हात जोडले होते. आईने मला त्यांना सांगायला लावलं, "मौनाचा नियम तुमचा. हातांचा माझा."

राज्य स्पर्धेची फायनल नांदेडला झाली. आई आणि पप्पा आले होते. अगदी शेवटी आम्ही एका गुणाने मागे, चेंडू माझ्याकडे, दोघी माझ्या अंगावर. मी वर उसळले आणि एकीने मला पाडलं. दोन फ्री थ्रो. समोरचा अख्खा स्टँड हात नाचवत होता म्हणे. मला रिंग दिसत होती, परातीएवढी. पहिला गेला. दुसरा गेला. आम्ही जिंकलो, लोकांनी मला उचललं आणि मी इतकी ओरडले की दोन दिवस आवाज नव्हता.

खाली उतरल्यावर स्नेहल माझ्याजवळ आली. आमच्याकडच्या मुली 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात.

"मी मोकळा होतो की गं. रिंगच्या खाली, एकटा. हात वर केला होता मी."

"दिसलं नाही."

"म्हाईत हाय." तिने चेंडू माझ्या पोटात दाबला. "पूर्वी मी हात उचलायच्या आधी द्यायचीस. जाऊ दे. जिंकलो."

स्टँडमध्ये आई शोधायला मला वेळ लागत नाही, तिचा चेहरा मला कुठूनही सापडतो. सगळे टाळ्या वाजवत होते. ऐकू न येणारी माणसं टाळ्या वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवतात, आणि आई ते साऱ्या स्टँडच्या वरून दिसेल असं करते. मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती रडत हसत होती. मग पटकन वर, पंजे शोधत, आणि मग खाली. हात ओढणीत होते.

परवा मी राष्ट्रीय शिबिराला पतियाळाला जाणार. आज जेवण झाल्यावर मी आईला फायनलचा सामना पहिल्यापासून सांगितला, हातांनी, सगळी पात्रं करून. पाडणारी ती पोरगी, शिट्टी तोंडातच राहिलेला पंच, चष्मा पुसणारे सर. मला आता छान जमतं, कुणाची लाज वाटत नाही. आई पोट धरून हसली. पप्पाही हसले. मग तिला काहीतरी आठवलं, तिने श्वास घेतला, डोळे चमकले, आणि तिच्या खांद्यांवरून मला कळलं की हात निघाले आहेत.

मी लगेच खाली बघितलं.

ते अर्ध्यावर थांबले होते. मी वर तिच्याकडे बघावं म्हणून तिने ते परत ओढणीत घेतले, एकावर एक ठेवले, आणि ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.